वल्ह्याच्या पल्ल्यातला समुद्र

कयाक घेऊन मासे गरवायला निघालेला माणूस किनाऱ्यापासून फार लांब जात नाही. दंडात ताकद असली आणि वारा पडलेला असला तरी ताशी ५-६ किलोमीटर एवढाच त्याचा वेग. ओहोटीबरोबर बाहेर पडून भरतीबरोबर परत यायचं, तर किनाऱ्यालगतचा दोन-तीन किलोमीटरचा पट्टा त्याच्या वाट्याला येतो. खाडीचं तोंड, तोंडापुढची वाळूची पट्टी, एखादं खडप, कांदळवनाची कड, जुन्या धक्क्याचे खांब. मोठ्या लाँचवरचा तांडेल ज्या पाण्याकडे ढुंकूनही बघत नाही, तेवढंच हे पाणी, आणि हे पुस्तक त्याच पाण्याबद्दल आहे. फक्त ते एका देशातलं नाही. रायगड आणि गोवा, ओमान, दक्षिण आफ्रिकेतलं क्वाझुलू-नाताळ, ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड, न्यूझीलंडचं हौराकी आखात, अमेरिकेतलं फ्लोरिडा आणि इंग्लंडचा दक्षिण किनारा, अशा ठिकाणचे किनारी मासे इथे शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत.

त्यासाठी कयाकच का, हे सांगायला हवं. ससून डॉकवर पहाटे ट्रॉलर रिकामे होतात तेव्हा समोर माशांचा डोंगर असतो, पण त्यातला कुठला मासा कुठल्या खडकापासून, किती वाव पाण्यातून, भरतीच्या कुठल्या वेळेला आला हे कुणालाच सांगता येत नाही. कयाकवाल्याकडे मासे थोडेच असतात, पण प्रत्येकाचा ठावठिकाणा त्याला ठाऊक असतो. रेवदंडा असो की ऑकलंड, त्याचा पल्ला तोच, गरी तीच, पाण्याची खोलीही साधारण तीच. म्हणून दोन किनाऱ्यांची तुलना करायला ही होडी चांगलं माप आहे. हे माप लावून पाहिलं की ठळकपणे दिसतं, की मासे ठिकठिकाणी बरेचसे तेच आहेत, निदान एकमेकांचे जवळचे सोयरे आहेत. फरक पडला आहे तो माणसांनी खाडीचं आणि मोठ्या माशांचं काय केलं त्यानं. पुस्तकभर मी हेच म्हणतो आहे, तेव्हा ते इथेच सांगून टाकतो.

होडीबद्दल थोडं. कयाक मूळची आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट आणि अल्युट लोकांची. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं, आत एकटा शिकारी. आज गरवायला वापरतात ती तिची दूरची वंशज, आणि तिच्या आत बसत नाहीत, वर बसतात. कॅलिफोर्नियातल्या मालिबूला टिम निमियर या तरुणानं १९७१ साली सर्फबोर्ड कोरून त्यावर बैठक केली, तिथून ही जात सुरू झाली. अंग बंद, पोकळ प्लास्टिकचं असल्यानं ती पाण्यानं भरत नाही. लाटेचं पाणी बैठकीत आलं तर तळाच्या आरपार भोकांतून निघून जातं, आणि उलटली तर सरळ करून पुन्हा चढता येतं. १९९७ मध्ये होबी कंपनीनं पायानं चालवायची पेडलं आणली आणि गरवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे झाले. आपल्याकडच्या वाचकाला यात फार नवल वाटू नये. दक्षिण कोकणात उलांडीची लहान होडी घेऊन खडपाच्या कडेनं गरवणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि पाणी ओळखण्याची त्यांची विद्या कुठल्याही फिशफाइंडरच्या पुढची आहे.

तुलनेची सुरुवात जिताड्यापासून केली आहे आणि सगळ्यांत जास्त पानंही त्यालाच दिली आहेत. रायगडात जिताडा, गोव्यात चोणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी, सगळा एकच मासा. पेण-अलिबागकडे खारपाटातल्या तळ्यांत त्याची पिल्लं सोडून वाढवायची रीत आहे. घरी मानाचा पाहुणा आला की तळ्यातला जिताडा काढला जातो. क्वीन्सलंडमध्ये याच माशासाठी लोक दिवस दिवस गाडी चालवून उत्तरेला जातात.

जिताडा खातो कसा, हे जवळून पाहण्यासारखं असतं. कुंडलिकेच्या खाडीत, रेवदंड्याच्या आतल्या अंगाला, सुकती लागली की कांदळवनातलं पाणी बारीक ओहळांनी मुख्य प्रवाहात उतरतं. ओहळाच्या तोंडाशी गढूळ आणि निवळ पाण्याची रेघ दिसते. बोयटांची पिल्लं आणि कोळंबी तिथून बाहेर पडतात, आणि जिताडा त्या रेघेच्या अंधाऱ्या बाजूला, मुळांना लागून, प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला असतो. इंजिनाची होडी आली की तो उठून जातो. कयाक वीतभर पाण्यातही तरंगते आणि आवाज काय तो वल्ह्यावरून गळणाऱ्या थेंबांचा, त्यामुळे अगदी जवळ जाऊनही त्याला पत्ता लागत नाही. मग ‘टॉप’ असा आवाज होतो. जिताडा भक्ष्याचा लचका तोडत नाही, जबडा एकदम उघडून पाण्यासकट त्याला आत ओढतो, त्याचा तो आवाज. गरी लागली की पहिली उडी हवेत, डोकं झटकत, आणि नंतरची धाव थेट मुळांत. त्या धावेबरोबर कयाकचं नाक वळतं आणि माणूस होडीसकट माशामागे ओढला जातो. हाताशी आल्यावर त्याला कल्ल्यावरून कधी धरू नये, कारण कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि तळवा सरळ चिरते. खालचा ओठ अंगठ्यानं पकडावा. तेव्हा डोळ्यात उजेड पडला तर आत तांबूस सोनेरी चमक दिसते.

या माशाचं आयुष्य कळलं की खाडीकडे बघण्याची नजर बदलते. अंडी तो नदीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात घालतो. पिल्लं भरतीबरोबर आत सरकतात, खाजणात, दलदलीत, पुढे गोड्या पाण्यातही वाढतात, आणि मोठी झाली की पुन्हा खाली उतरतात. बहुतेक जिताडे आधी नर असतात. काही वर्षं नर म्हणून काढल्यावर, अंगानं चांगले मोठे झाल्यावर त्यांची मादी होते. म्हणजे हातभर लांबीचा जिताडा बहुधा नर, आणि मीटरभर लांबीची ती बहुधा मादी, पोटात कोट्यवधी अंडी वागवणारी. लहान मासे पकडून संपवले तर मादी व्हायला कुणी उरत नाही, आणि मोठे संपवले तर अंडी घालायला कुणी उरत नाही. म्हणून क्वीन्सलंडमध्ये ५८ सेंटिमीटरच्या खालचा जिताडा ठेवता येत नाही आणि १२० च्या वरचाही नाही.

आता जगाच्या पलीकडच्या टोकाला, फ्लोरिडाच्या कांदळवनात जाऊ. तिथे जिताडा नाही. तिथे स्नूक आहे. कूळ वेगळं, अंगावरून शेपटापर्यंत गेलेली काळी रेघ वेगळी, पण उरलेलं सगळं ओळखीचं. तसंच मुळांच्या आडोशाला थांबणं, तसंच जबडा उघडून ओढून घेणं, उन्हाळ्यात समुद्राकडच्या तोंडाशी अंडी घालणं आणि आधी नर, मग मादी होणं. तिथल्या नियमांतही किमान आणि कमाल अशा दोन्ही मर्यादा आहेत. २०१० च्या जानेवारीत थंडीची लाट आली आणि गारठ्यानं स्नूक मोठ्या संख्येनं मेले. तेव्हा फ्लोरिडानं मेक्सिको आखाताच्या बाजूला स्नूक ठेवायला २०१३ पर्यंत पूर्ण बंदी घातली. लोकांनी ती पाळली आणि मासा सावरला.

एक धोक्याची सूचना इथे द्यायलाच हवी. ऑस्ट्रेलियाच्या ज्या उत्तर टोकाला जिताडा सगळ्यांत मुबलक आहे, तिथल्या नद्यांत खाऱ्या पाण्यातल्या अवाढव्य मगरी आहेत, आणि तिथे कयाक पाण्यात घालू नये. आपल्याकडे सावित्री आणि वाशिष्ठीत मगरी आहेत, त्या दुसऱ्या जातीच्या. गोव्यात मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात तर त्या मचूळ पाण्यात राहतात, आणि त्या भागातली माणसं पौष अमावास्येला मातीची मगर करून तिची पूजा करतात. पूजा करणाऱ्यांना मगरीची जागा आणि सवयी माहीत असतात. त्यांना विचारल्याशिवाय त्या पाण्यात उतरू नये.

सुरमईचं प्रकरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं आहे. आपण खातो ती सुरमई पर्शियन आखात, ओमान, पूर्व आफ्रिका, डर्बन आणि थेट क्वीन्सलंडपर्यंत तीच आहे. डर्बनच्या बाजूला तिच्यासाठी कयाक थेट फुटत्या लाटांतून काढावी लागते. तिथले लोक लाटांच्या दोन जथ्यांमधली उसंत ओळखून वल्हं मारतात, आणि ते शिकायलाच बराच काळ जातो. ओमानमध्ये १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर सुरमईची मासेमारी बंद असते. आपल्याकडची १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक होड्यांवर असते आणि सगळ्याच माशांना मिळून असते. ओमानची बंदी या एका माशासाठी आहे. आणखी एक फरक वाचकानं नीट लक्षात ठेवावा. क्वीन्सलंडमध्ये हर्वी बेच्या परिसरात प्लॅटिपस बे नावाचा भाग आहे. तिथली सुरमई विकायला मनाई आहे, कारण तिथल्या सुरमईत सिग्वाटेरा नावाचं विष सापडतं. प्रवाळावर आणि शेवाळावर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवात ते तयार होतं, शेवाळ खाणाऱ्या लहान माशात जातं, त्याला खाणाऱ्या मोठ्यात साठतं. शिजवून, तळून, गोठवून ते जात नाही, आणि चवीत कळतही नाही. मालवणात डोळे मिटून खावी तीच सुरमई तिथे चौकशी केल्याशिवाय ताटात घेऊ नये.

तांबोशीपाशी मी थोडा रेंगाळलो आहे. १७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात एक अभ्यासमोहीम पाठवली. तिच्यात पेटर फोर्स्कोल हा निसर्गतज्ज्ञ होता. त्यानं तांबड्या समुद्रातले मासे गोळा केले आणि वनस्पती दाबून ठेवतात तशी त्यांची सोललेली कातडी कागदावर चिकटवून वाळवली. त्यातले कितीतरी नमुने आजही कोपनहेगनच्या संग्रहालयात आहेत. १७६३ मध्ये तो येमेनमध्ये हिवतापानं गेला. सोबतीही एकेक करून गेले. त्यांतला कार्स्टेन नीबूर तेवढा वाचला. तो त्याच वर्षी मुंबईला आला, घारापुरीच्या लेण्यांची चित्रं काढून मायदेशी परतला, आणि १७७५ मध्ये त्यानं मित्राची टिपणं छापली. आपल्या खाडीतल्या तांबोशीचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्या पुस्तकात आहे. फ्लोरिडाच्या कांदळवनात तिची जवळची बहीण राहते, अंगानं लहान, पण मुळांत तशीच दबा धरणारी. या दोघींना मुळं लागतात. मुळं तोडली की त्या दिसेनाशा होतात. महाराष्ट्रात २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनं तोडायला मनाई केली आणि २०१२ मध्ये राज्यानं कांदळवन कक्ष स्थापन केला. तांबोशीच्या दृष्टीनं गेल्या काही दशकांतल्या या दोन फार मोठ्या गोष्टी आहेत.

घोळाची गोष्ट पैशाची आहे. २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावातल्या एका होडीला १५७ घोळ मिळाले आणि ते १ कोटी ३३ लाखांना गेले. सगळी किंमत त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीची. त्याच पिशवीवर स्नायू आपटून घोळ पाण्याखाली घुमतो, आणि अनुभवी माणसाला तो आवाज होडीच्या तळातून ऐकू येतो. डार्विनजवळ हाच मासा ब्लॅक ज्यूफिश म्हणून ओळखला जातो. दहा मीटरपेक्षा खोल पाण्यातून वर ओढला तर ती पिशवी फुगून त्याला आतून इजा होते, आणि पाण्यात परत सोडला तरी तो बहुधा जगत नाही. तेव्हा खोल जागी एक मिळाला की गरी गुंडाळावी.

घोळाच्याच कुळातला अमेरिकेचा रेड ड्रम एका स्वयंपाक्यामुळे धोक्यात आला होता. न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडॉम यांनी मसाला लावून तापल्या लोखंडी तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला रेड ड्रम १९८० च्या दशकात असा काही लोकप्रिय केला, की मेक्सिको आखातातले मोठे, अंडी घालणारे थवे जाळ्यांत जाऊ लागले. त्याच दशकात केंद्र सरकारला तिथल्या खोल पाण्यात त्याची मासेमारी थांबवावी लागली, आणि २००७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं त्याला आणखी संरक्षण मिळालं. आज टेक्सस आणि फ्लोरिडाच्या उथळ पाण्यात कयाकवाले सर्वांत जास्त ज्याच्या मागे असतात, तो हाच.

पण रेड ड्रमबद्दल सर्वांत विलक्षण गोष्ट कुठल्या मत्स्यखात्यानं घडवलेली नाही. १९६२ पासून फ्लोरिडाच्या मेरिट बेटाभोवतीचं काही पाणी अवकाश केंद्राच्या सुरक्षेसाठी बंद करण्यात आलं. रॉकेटजवळ कुणी फिरकू नये एवढाच हेतू. मासे त्यात कुणाच्या मनात नव्हते. कॅलम रॉबर्ट्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं, की गळाला लागलेल्या विक्रमी माशांची नोंद त्या बंद पाण्याच्या आसपास दाटीनं होऊ लागली होती. सी ट्राउटचे विक्रम बंदीनंतर ९ वर्षांनी वाढू लागले, रेड ड्रमचे २७ वर्षांनी, ब्लॅक ड्रमचे ३१ वर्षांनी. जो मासा जितका दीर्घायुषी, तितकी वाट बघावी लागली. लागूनच असलेल्या बनाना नदीच्या एका भागात इंजिनाला मनाई आहे आणि कयाकला मुभा आहे. तिथे वल्हवताना शांत उथळ पाण्यात हातभर रुंद शेपट्या वर येताना दिसतात, तेव्हा असं थोडं पाणी सगळ्या किनाऱ्यांना कधी तरी मिळालं पाहिजे, असं मला फार वाटतं.

न्यूझीलंडची गोष्ट याच धर्तीची. ऑकलंडच्या उत्तरेला लीजवळ १९७५ साली सागरी अभयारण्य झालं. त्याआधी तिथे स्नॅपर नावाचा लालसर मासा आणि शेवंडी इतक्या कमी झाल्या होत्या की त्यांचं खाद्य असलेले समुद्री साळूसारखे काटेरी जीव बेसुमार वाढले आणि त्यांनी समुद्रतळावरच्या शेवाळाची वनंच्या वनं कुरतडून खडक उघडे केले. मासेमारी थांबल्यावर स्नॅपर मोठे झाले, काटेरी जीव आटोक्यात आले आणि वनं परत आली. या भागात २०१४ पासून हौशी माणसाला दिवसाला ७ स्नॅपर, तेही ३० सेंटिमीटरच्या वरचेच ठेवता येतात. त्याआधी ९ ठेवता येत. हौराकी आखातात कयाकवर बसणारे बहुतेक जण मोजपट्टी जवळ ठेवतात.

इंग्लंडचं प्रकरण लहान आहे. तिथे जातींची संख्या आपल्या मानानं अगदी थोडी, पाणी गार, आणि कोरडा सूट घातल्याशिवाय उतरायची सोय नाही. तिथल्या बासची पिल्लंही खाडीतच वाढतात, पण फार सावकाश. ४२ सेंटिमीटरच्या आतला बास ठेवता येत नाही, कारण साधारण त्या लांबीला मादी पहिल्यांदा अंडी घालते.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. केरळनं त्याआधीच सुरुवात केली होती. हा निर्णय चांगला आहे आणि तो खरोखर अंमलात यावा असं मला मनापासून वाटतं. पण त्यात वरची मर्यादा नाही, आणि जिताड्यासारख्या माशाला वरची मर्यादाच जास्त लागते. हौशी माणसानं तरी ती स्वतःहून पाळावी. मी ठेवतो तो मधल्या लांबीचा, घरात लागेल तेवढा. मीटरभर लांबीची मादी पाण्यातच गरी काढून सोडावी, होडीवर घेऊच नये. मासे पकडून सोडणं म्हणजे अन्नाशी खेळ, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. जर्मनीत तर रास्त कारणाशिवाय प्राण्याला त्रास द्यायला कायद्यानं मनाई आहे आणि खायचा नसेल तर पकडू नये, असा तिथला विचार आहे. मला दोन्ही बाजू कळतात. पण मोठी मादी सोडणं हा खेळ नव्हे, पुढच्या पावसाळ्यातली पिल्लं आहेत ती.

आपल्या किनाऱ्यावर मासेमारी हा कोळी बांधवांचा चरितार्थ आहे, आणि कयाकवाल्यानं ते सतत ध्यानात ठेवावं. डोल जाळी प्रवाहात रोवलेली असतात. ओहोटीच्या जोरात कयाक त्यांच्या तोंडाकडे ओढली जाते, आणि एकदा अडकली तर माणसाचा जीव आणि कोळ्याचं जाळं, दोन्ही धोक्यात येतात. जिथे खुंट दिसतात तिथे वरच्या प्रवाहातून जाऊ नये. रापण ओढली जात असेल तर लांबून वळसा घालावा. आणि जे मिळालं ते बाजारात विकू नये.

पुस्तकाची मांडणी देशांनुसार नाही, जागांनुसार आहे: आधी कांदळवन, मग खाडीचं तोंड, मग खडप, मग उघडं पाणी. पहिली दोन प्रकरणं भरती-ओहोटीची आहेत. उधाण आणि भांग कसे ओळखायचे, मतलई वारा पहाटे बाहेर ढकलतो तेव्हा परतीचं गणित कसं मांडायचं, लाइफ जॅकेट आणि वल्ह्याची दोरी का सोडायची नाही, हे सगळं त्यात आहे. नवख्यानं ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. सुरमईचं प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. ती उघड्या पाण्यात लागते, पहिल्याच धावेत शंभर मीटर दोरी नेते, आणि कयाक तिच्यामागे समुद्राकडे जात राहते. किनारा किती मागे पडला हे मान वळवून बघायची सवय अंगात मुरायला एक पूर्ण हंगाम खाडीत घालवावा लागतो. तो घालवून मग ते प्रकरण उघडावं.